देवघरातली चकती आणि भिंतीवरचे छायाचित्र

पूर्वजांच्या शोधाविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पत्रासोबत आलेल्या छायाचित्रांच्या प्रतींमध्येच त्या प्रश्नाचे अर्धेअधिक उत्तर होते आणि ते पत्रलेखकांना अपेक्षित असलेल्या उत्तराहून वेगळे आहे.

प्रश्न : आमचे मूळ गाव सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला गेले आणि परत आलेच नाहीत, एवढेच घरात सांगितले जाते. गावच्या घरी त्यांचे गणवेशातील छायाचित्र आहे आणि दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा होते. छायाचित्रात ते खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. छातीवर तीन पदके असून त्यांतील एक चांदणीसारखे आहे. देवघरात समईखाली तळहाताहून थोडी मोठी अशी एक पितळी चकती आहे. तिच्यावर त्रिशूळ घेतलेली देवी आणि सिंह आहे; कडेची इंग्रजी अक्षरे झिजली आहेत. ही चकती सरकारातून आली, असे आजी म्हणत असे. पणजोबांचे धाकटे भाऊही पलटणीत होते, पण ते निपुत्रिक असल्याने त्यांच्याविषयी कोणाला काही ठाऊक नाही. पणजोबा कोणत्या पलटणीत होते आणि त्यांचा अंत कोठे झाला, हे आता शोधता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चकतीपासून सुरुवात करू, कारण आपल्या घरातील वस्तूंमध्ये तीच सर्वांत भरवशाची आहे. ती पितळी नसून काशाची आहे आणि तिच्यावरील स्त्री देवी नसून ब्रिटनचे प्रतीक मानली जाणारी ब्रिटानिया आहे. हातात त्रिशूळ आणि पुढ्यात सिंह, म्हटल्यावर आपल्याकडे तिला देवघरात जागा मिळाली यात नवल ते काय? सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची ही स्मृतिचकती पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या प्रत्येक सैनिकाच्या जवळच्या नातलगाला ब्रिटिश सरकारने पाठवली होती. तिच्यावर मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत असते. मात्र हुद्दा, क्रमांक किंवा पलटण नसते, कारण मरणात सगळे सारखे, असा विचार त्यामागे होता. म्हणजे आपल्या घरातील कोणीतरी त्या युद्धात गेले, ही गोष्ट आता नुसती आठवण राहत नाही. चकतीवरचे नाव वाचण्यासाठी अंधाऱ्या खोलीत विजेरीचा प्रकाश एका बाजूने, अगदी आडवा पाडावा आणि चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पुष्कळदा डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला चांगल्या दिसतात. आणि कृपा करून आजपासून ती चिंचेने अथवा राखेने घासणे थांबवावे. शंभर वर्षांच्या भक्तीने जी अक्षरे पुसट झाली, ती आणखी पुसली जायला नकोत.

आता छायाचित्राकडे वळतो, आणि जे लिहिणार आहे ते घरातील वडीलधाऱ्या मंडळींना सावकाश सांगावे. छातीवरील चांदणीच्या आकाराचे पदक, त्यावरील एकमेकांत गुंतलेल्या तलवारी आणि शेजारची दोन गोल पदके यांवरून हा पहिल्या महायुद्धातील तीन पदकांचा नेहमीचा संच दिसतो. १९१५ संपण्यापूर्वी रणभूमीवर पोहोचलेल्यांना चांदणी, आणि तिच्या जोडीला राजाचे मुख असलेले चांदीचे युद्धपदक व पंख असलेल्या विजयदेवतेचे काशाचे पदक, अशी ती रचना असे. चांदणीला १९१८ च्या अखेरीस आणि उरलेल्या दोन पदकांना १९१९ मध्ये मंजुरी मिळाली. शिपायांच्या हाती ती त्यानंतर पडली. ज्याने ही तिन्ही पदके लावून छायाचित्र काढून घेतले, तो माणूस युद्ध संपल्यावर जिवंत होता. बसऱ्याहून जो परतलाच नाही, त्याच्या छातीवर ती असणे शक्य नाही.

मग दोनच शक्यता उरतात. एक तर चकती पणजोबांची आणि छायाचित्र त्यांच्या धाकट्या भावाचे. किंवा मृत भावाची पदके घरी आल्यावर धाकट्याने ती लावून आठवण म्हणून छायाचित्र काढून घेतले. दोन्ही प्रकारांत चौकटीतला माणूस धाकटाच ठरतो. ज्या निपुत्रिक काकांविषयी कोणाला काही ठाऊक नाही असे आपण लिहिता, त्यांचीच दर दसऱ्याला पूजा होत आली असण्याचा संभव मला फार मोठा वाटतो. अशी अदलाबदल मी याआधीही पाहिली आहे. घरात छायाचित्र एक आणि कथा दोन असल्या की जी कथा अधिक सांगितली जाते, तिच्याकडे छायाचित्र जाते.

हे पडताळून पाहण्याचे मार्ग आहेत. छायाचित्र चौकटीतून काळजीपूर्वक काढून मागची बाजू पाहावी. तिथे पोस्टकार्डाची छापील रेघ, स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेला मजकूर असू शकतो. कागद पुठ्ठ्याला चिकटलेला असेल तर मात्र ओढू नये. तरुणपणी मी स्वतःच्या आजोबांचे एक छायाचित्र वाफेवर धरून सोडवायला गेलो आणि मागचे शाईचे अक्षर न अक्षर विरघळले, ते आजही मनाला लागून राहिले आहे. त्यानंतर भिंगातून खांद्यावरची पितळी अक्षरे पाहावीत. १९२२ पूर्वी मराठा पलटणींना १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असे क्रमांक होते. त्या वर्षीच्या फेररचनेत त्या सर्व पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या. १०३ वी तिची पहिली पलटण झाली, ११० वी तिसरी आणि ११७ वी पाचवी. खांद्यावर तीन आकडी क्रमांक असेल तर छायाचित्र १९१९ ते १९२२ या काळातील मानता येईल. नुसता पाचाचा आकडा असेल तर ते त्यानंतरचे. बाहीवरच्या फितीही मोजाव्यात. एक फीत लान्स नायकाची, दोन नायकाच्या आणि तीन हवालदाराच्या. पदके अजून घरात असतील तर शोध एका मिनिटात पुढे जाईल, कारण गोल पदकांच्या कडेवर आणि चांदणीच्या मागे शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. ट्रंकेत, गोधड्यांच्या घडीत, धान्याच्या कोठीच्या तळाशी शोधावे. चांदीचे पदक मोडून दागिना केलेला असू शकतो, पण काशाच्या पदकाला सोनाराकडे मोल नसल्याने ते बहुधा शिल्लक राहते.

पलटण कळली नाही तरी कागदांचा शोध सुरू करता येतो. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांतील मृतांची यादी विनामूल्य शोधता येते. हिंदी शिपायांच्या पुष्कळ नोंदींमध्ये क्रमांक, पलटण आणि मृत्यूची तारीख यांबरोबर वडिलांचे नाव, गाव, तालुका व जिल्हा दिलेला असतो, आणि आपल्या कामाचे तेच आहे. मात्र नाव आपल्या आजच्या वर्तनीने शोधून भागणार नाही. ते पलटणीतल्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत उतरवलेले असते. जाधव तिथे ‘जाधाओ’ होतात, चव्हाणांचे ‘चोवान’ होतात, आणि कित्येकदा आडनाव गळून शिपायाचे व वडिलांचे नाव एवढेच उरते. म्हणून आधी पलटण आणि गाव धरून शोधावे आणि नावाशी शेवटी यावे. जिल्ह्याचेही भान ठेवावे लागते. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यात होते, रायगडचे नाव कुलाबा होते आणि सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ पर्यंत नव्हताच. आपले गाव कराड तालुक्यातच असल्याने ही अडचण आपल्याला कमी येईल, पण पणजोबांचे आजोळ किंवा भरतीचे ठिकाण वेगळे असेल तर ती येऊ शकते.

‘बसरा’ या शब्दावरही फार विसंबू नये. मोत्यांमुळे हे नाव आपल्याकडे आधीपासून ओळखीचे होते. शिवाय मेसोपोटेमियाकडे, म्हणजे आजच्या इराककडे, जाणारे सैन्य त्याच बंदरावर उतरत असे. त्यामुळे बगदादपासून आखातापर्यंत कोठेही मेलेला शिपाई घरच्यांच्या बोलण्यात बसऱ्यालाच मेला. मराठा पलटणींच्या दृष्टीने त्या मोहिमेतला सर्वांत दारुण प्रसंग कूत येथील वेढ्याचा होता. डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीनंतर शरणागतीत संपला आणि सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या कैदेत गेली. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे शिपाई त्यांत होते. वाळवंटातली पायपीट, आजार आणि रेल्वेच्या कामावरची मजुरी यांत पुष्कळ जण गेले, आणि त्यांपैकी अनेकांच्या मृत्यूची नेमकी तारीख कोणी लिहून ठेवली नाही. आपल्या पणजोबांच्या नोंदीत एका तारखेऐवजी ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत’ असा काळ दिसला तर तो दोष समजू नये. तो स्वतःच एक पुरावा आहे.

मेसोपोटेमियात ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४०,००० हून अधिक सैनिकांसाठी १९२९ मध्ये बसऱ्याला स्मारक उभे राहिले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणवार नुसती संख्या आली. नावे कागदी यादीत राहिली, म्हणूनच आज ती शोधावी लागतात. त्या मानाने आपल्याकडच्या अनेक गावांत चावडीवर अथवा शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटी निदान जवळ आहे. या गावातून महायुद्धाला इतके गेले व त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर तिच्यावर असतो आणि नाव तिथेही नसते, पण आपल्या गावी अशी पाटी असेल तर त्या आकड्यात पणजोबा आहेत.

शेवटचा कागद तलाठ्याकडचा किंवा तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातला. पणजोबांच्या नावावर जमीन असेल तर त्यांच्यामागे वारसाची नोंद झाली असणार, आणि तिचा फेरफार जुन्या हक्क नोंदींत मिळेल. तो ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर उतरवला गेला असल्यास कार्यालयात खेपा घालण्याचीही गरज नाही. मात्र फेरफारावरची तारीख ही मृत्यूची नव्हे, वर्दी दिल्याची असते. कूतच्या कैद्यांच्या बाबतीत त्या दोहोंमध्ये काही वर्षांचे अंतर पडू शकते. ‘वारस’ या रकान्यात धाकट्या भावाचे नाव कसे लिहिले आहे, हे अवश्य पाहावे. ते त्या वेळी जिवंत होते आणि गावी होते, एवढे सिद्ध झाले तरी छायाचित्राचा प्रश्न जवळजवळ सुटतो. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला आणि आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला क्रमांकासह पत्र लिहावे; क्रमांकाशिवाय लिहिलेल्या पत्राला उत्तर देणे त्यांनाही अवघड जाते.

आणि छायाचित्र भिंतीवरून उतरवू नये. खाली नावाची चिठ्ठी असेल तर तेवढी बदलावी.

प्रश्न : मॉरिशसमध्ये स्थायिक असलेल्या एका मराठी कुटुंबाशी आमची ओळख झाली. त्यांच्या पूर्वजाच्या नोंदीचा उतारा आणि छायाचित्र त्यांच्याकडे आहे. उताऱ्यात आडनाव नाही आणि जिल्ह्याच्या जागी इंग्रजीत ‘वारी’ असा काहीतरी शब्द आहे. त्यावरून ते पंढरपूर भागातील असावेत असे त्यांना वाटते. त्यांना त्यांचे गाव शोधून देता येईल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पंढरपूरशी याचा संबंध नाही. हा शब्द ‘वाडी’ असा वाचावा, म्हणजेच सावंतवाडी. शब्दाच्या मधला ‘ड’ इंग्रज कारकून पुष्कळदा ‘र’ने लिहीत, आणि सावंतवाडी संस्थानाचे नाव त्या काळच्या इंग्रजी कागदांत ‘सावंत वारी’ असेच आढळते. आजही त्या बाजूचा माणूस ‘वाडीक जातंय’ म्हणतो तेव्हा त्याला सावंतवाडीच अभिप्रेत असते. पाहुण्यांना शोधायचा मुलूख त्यामुळे एका जुन्या संस्थानापुरता, म्हणजे आजच्या सावंतवाडी, कुडाळ आणि दोडामार्ग या भागापुरता मर्यादित होतो.

मॉरिशसला ठरावीक मुदतीच्या कराराने मजूर नेण्याची पद्धत १८३४ मध्ये सुरू झाली. कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजाने ३६ जण २ नोव्हेंबरला तेथे पोहोचले. त्यानंतर मुंबई बंदरातून कोकण आणि घाटावरची माणसेही गेली. उतरल्यावर प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज असा तपशील त्या क्रमांकाखाली लिहिला जाई. हे दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे. पाहुण्यांकडे फक्त उतारा असेल तर मूळ पानाची प्रत मागवावी, कारण गावाच्या नावाची मोडतोड पुष्कळदा पुढच्या नकलाकाराने केलेली असते.

छायाचित्राविषयी एक खुलासा करावासा वाटतो. मजुरांची छायाचित्रे काढण्याची प्रथा १८६० च्या दशकात पडली, ती त्यांच्या हौसेसाठी नव्हे. मुदत संपलेला मजूर रस्त्यात अडवला गेला तर त्याच्या परवान्यावरचा चेहरा ताडून पाहता यावा, यासाठी. समोर रोखलेली नजर आणि अवघडलेले खांदे यांचे कारण तेच आहे. पूर्वज त्या दशकाच्या आधी पोहोचले असतील तर छायाचित्र आगमनानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेले आहे, आणि उताऱ्यातील वय व चेहऱ्यावरचे वय जुळत नाही म्हणून छायाचित्र दुसऱ्याचे, असा निष्कर्ष काढता येणार नाही.

आडनाव मिळण्याची आशा फारशी धरू नये. ‘भिवा वल्द गणू’ एवढेच लिहिले गेले आणि पुढच्या पिढ्यांत त्यांतलेच एक नाव आडनाव झाले. कोकणातल्या बाजूने गावातली तेव्हाची जन्मनोंद मिळणार नाही, म्हणून गावऱ्हाटीतून, म्हणजे ग्रामदेवता आणि तिच्या मानकऱ्यांच्या परंपरेतून, जावे लागेल. पाहुण्यांच्या घरी कोणत्या देवाचे नाव घेऊन गाऱ्हाणे घालतात, गणपती किती दिवसांचा असतो, भजनात किंवा झाकरीत (तिकडच्या मराठी नाचगाण्यात) कोणत्या देवस्थानाचा उल्लेख येतो, हे त्यांच्या घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला विचारून लिहून आणावे. ग्रामदेवतेचे नाव हाती आले तर सावंतवाडीच्या परिसरात गाव शोधणे मानकऱ्यांच्या मदतीने शक्य आहे. नुसत्या ‘गणू’वरून ते शक्य नाही.

प्रश्न : वडिलांच्या बाजूची सात पिढ्यांची वंशावळ आमच्याकडे आहे, पण पणजीचे माहेर कोणते, तिचे माहेरचे नाव काय, हे कोणालाच सांगता येत नाही. वंशावळीत तिच्या जागी फक्त ‘भार्या’ असे लिहिले आहे. सासर कोल्हापूर जिल्ह्यात. कोठे पाहावे? – एक वाचक, कागल

उत्तर : आपल्या वंशावळी जमीन आणि पिंड या दोन कामांसाठी लिहिल्या गेल्या, त्यामुळे त्यांत सुना आल्या त्या ‘भार्या’ म्हणून. मात्र पिंडाच्याच कामात माहेरच्या माणसांची नावेही लागतात. आपल्या घरी महालय श्राद्ध होत असेल तर पुरोहिताकडची किंवा आजोबांच्या हातची पितरांची जुनी यादी शोधावी. आजोबांनी स्वतः श्राद्ध केले असेल तेव्हा त्यांना मातृपक्षाच्या तीन पिढ्या नाव व गोत्रासह म्हणाव्या लागल्या असणार. आजोबांचा मातामह म्हणजेच पणजीचे वडील. त्र्यंबकेश्वर व नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूची आई आणि आजोळ यांचा उल्लेख कधी कधी सापडतो. त्या वह्या कुळ आणि गाव यांप्रमाणे लावलेल्या असल्याने आपल्या घराण्याचा उपाध्याय कोण, हे आधी विचारून जावे.

कोल्हापूरकडे आणखी एक सोय आहे, ती म्हणजे हेळवी. ते अजूनही काही गावांत येतात आणि घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतात, वह्याही बाळगतात. पुढच्या वेळी आले की नुसता शिधा देऊन वाटेला लावू नये, बसवून घ्यावे आणि आवाज ध्वनिमुद्रित करावा.

माहेरच्या गावाचा थोडा जरी अंदाज आला, तरी तेथील फेरफारांत एक कागद मुद्दाम पाहावा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतर बाप वारला की मुलींची नावेही वारसांत येऊ लागली, आणि त्यामागोमाग भावांच्या नावे हक्कसोडपत्रे होऊ लागली. त्यांत बहिणीचे सासरचे पूर्ण नाव आणि गाव असते. आपल्या पणजीचे वडील त्याआधीच वारले असतील, पण तिच्या भाच्या-पुतण्यांच्या काळातील अशा एखाद्या कागदात तिच्या शाखेचा उल्लेख मिळू शकतो. ज्या कागदाने बाईचा हक्क गेला, त्याच कागदात तिचे नाव शिल्लक राहावे, हा आमच्या दप्तरांचा विचित्र न्याय आहे.

आणि एक अगदी घरातला पुरावा. लग्नात आहेर म्हणून आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे नाव, गाव आणि पुष्कळदा तारीख किंवा शक कोरलेला असे. शक असल्यास त्यात ७८ मिळवावेत म्हणजे इसवी सन मिळतो. मामाने दिलेले घंगाळ, मावशीने दिलेली परात यांच्या कडा आणि बूड पीठ चोळून वाचावे. पांढऱ्या पिठात कोरीव अक्षरे उठून दिसतात. काही ठिकाणी ती मोडी लिपीत असतील, तेव्हा मोडी वाचणाऱ्यालाच दाखवावीत. पत्राच्या अखेरीस आपण लिहिले आहे की माळ्यावरची जुनी भांडी दिवाळीच्या आत मोडीत घालायची आहेत. ती तूर्त घालू नयेत.